अंगण भाड्याचे, वही आपली

मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे वाक्य आपण इतक्या सहजपणे उच्चारत आलो आहोत की ते खरे की खोटे, हे तपासून पाहण्याची गरजच कोणाला वाटत नाही. हे वाक्य बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पेढी असते, गोदाम असते, गल्ल्यावर बसलेला मालक असतो. स्वयंपाकघर नसते. पण गिरगावपासून डोंबिवलीपर्यंत आणि सदाशिव पेठेपासून सांगली-मिरजेपर्यंत असंख्य स्वयंपाकघरांतून वर्षानुवर्षे व्यापार चालत आला आहे. कोणी थालीपिठाची आणि चकलीची भाजणी करून देते, कोणी उन्हाळा आला की कुर्डया-सांडगे घालते, कोणी डंकावरून मसाला कुटून आणते आणि ओळखीपाळखीत विकते. कच्चा माल येतो, पक्का माल जातो, उधारी होते, कधी वसूल होते, कधी बुडते. व्यापाराची सगळी लक्षणे येथे आहेत. तरीही त्याला आपण धंदा म्हणत नाही. ‘घरच्या घरी काहीतरी करते’ एवढेच म्हणतो.

या ‘काहीतरी’ला आता हातातल्या फोनने वेशीबाहेर नेले आहे. दिवाळीच्या आधी महिनाभर कोणाचेही व्हॉट्सअ‍ॅप उघडून पाहावे. चकल्यांचे फोटो, अनारशांचे दर, ‘ऑर्डर घेणे सुरू आहे’ असे रंगीत फलक. इन्स्टाग्रामवर सोऱ्यातून पडणाऱ्या चकलीची चित्रफीत, मागे सनई. हे सारे कौतुकाने पाहणाऱ्यांत मीही आहे. त्याहून थोडी जवळून पाहणारीही आहे. हिशेबनीस म्हणून नोकरीत आयुष्य गेले आणि गेली सहा वर्षे डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या वहिनीच्या फराळाच्या ऑर्डरी, त्यांचा हिशेब आणि तिच्या फोनचा व्याप मी सांभाळते. या सहा वर्षांत जे दिसले, त्यावरून एक प्रश्न मनात घर करून आहे. फोनमुळे घरातल्या बाईचा धंदा वाढतो, हे खरे. पण वाढलेला धंदा तिचाच राहतो का?

आधी हे पाहू की फोन नव्हता तेव्हा या मालाची जाहिरात कशी होत असे. ती तोंडातोंडी होत असे. हळदीकुंकवाला दिलेली चिवड्याची पुडी, भिशीच्या दिवशी आणलेले लाडू, लोकलच्या बायकांच्या डब्यात उघडलेला डबा, हीच जाहिरात. ‘कुठून आणलेस ग?’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर म्हणजे नवे गिऱ्हाईक. या जाहिरातीला पैसा पडत नसे आणि ती खोटीही सहसा नसे, कारण सांगणारी स्वतःची पत पणाला लावून सांगत असे. तिची मर्यादा एकच. ती पायी चालणारी होती. चार इमारतींच्या पलीकडे पोहोचायला तिला चार वर्षे लागत.

ही मर्यादा ओलांडायची तर एकटीचे काम नव्हते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात जणींनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला घेतले. त्यातून लिज्जत उभे राहिले. पुढे त्या पापडाचा ससा, रामदास पाध्ये यांच्या हातचा, दूरदर्शनवरून घरोघरी पोहोचला. पण दूरदर्शनवर झळकणे त्या सात जणींपैकी एकीला एकटीने परवडले असते का? त्यासाठी संस्था लागली, हजारो हात लागले. लाटणारी प्रत्येक जण संस्थेची भागीदार, हे तत्त्व त्या संस्थेने पहिल्यापासून धरून ठेवले, हे महत्त्वाचे.

दुसरे उदाहरण गिरणगावाचे. कोकणातून आणि देशावरून एकटे आलेले गिरणी कामगार ज्यांच्याकडे दोन वेळा जेवत, त्या खाणावळवाल्या बायका सावकाराच्या व्याजात आणि वाण्याच्या उधारीत अडकलेल्या होत्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या माध्यमातून त्यांना एकत्र आणले आणि राष्ट्रीयीकृत बँकांची कर्जे त्यांच्या स्वतःच्या नावावर मिळवून देण्याची वाट मोकळी केली. बाईचे नाव बँकेच्या कागदावर आले, ही त्यातली मोठी गोष्ट. पण याच गिरणगावाने आणखी एक धडा दिला. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप सुरू झाला, तो लांबला, कामगार गावी परतले, आणि त्यांच्या जेवणावर चालणाऱ्या चुली थंडावल्या. हाताची चव तीच होती, कष्ट तेच होते. पण ज्यांची सारी गिऱ्हाइके एकाच फाटकातून येत होती, त्यांच्यासाठी फाटक बंद होताच व्यवहारही बंद झाला.

हा इतिहास उगाळण्याचे कारण असे की, आजच्या फोनवरच्या धंद्याला हे दोन्ही धडे जसेच्या तसे लागू पडतात. मालकी कोणाची, हा एक. आणि गिऱ्हाईक कोणाच्या फाटकातून येते, हा दुसरा.

फोनचे उपकार आधी मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांनी बाजारपेठेचे काम केले. कोकणातल्या बागायतदारांचा हापूस दलालाला वगळून थेट सोसायटीच्या दारात उतरला, भाजी उतरली, आणि त्याच ग्रुपवर ‘ब’ विंगमधल्या काकू उत्तम पुरणपोळ्या करतात, हे ‘क’ विंगला प्रथमच कळले. वीस वर्षे शेजारी राहून जे कळले नव्हते, ते एका निरोपाने कळले. व्यवसायासाठीचे वेगळे व्हॉट्सअ‍ॅप भारतात जानेवारी २०१८ मध्ये आले. त्यात दुकानासारखे नाव लावता येते, कामाच्या वेळा लिहिता येतात, पदार्थ दरांसह मांडून ठेवता येतात. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयमुळे सुट्ट्या पैशांची कटकट संपली. दुकानाचा गाळा नको, पागडी नको, पाटी रंगवणारा नको. एका अर्थाने, जे लिज्जतच्या सात जणींपैकी एकीला एकटीने शक्य नव्हते, ते आज एकटीला शक्य झाले आहे.

मात्र प्रत्येक माध्यमाचा स्वभाव वेगळा असतो, तो ओळखून वागावे लागते. माझ्या मते व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे चाळीची गच्ची. तेथे येणारी माणसे ओळखीची असतात. फेसबुकवरचे गावाचे किंवा उपनगराचे ग्रुप म्हणजे चौक. कोणी विचारतो, कोणी सुचवतो, कोणी उगाच वाद घालतो. आणि इन्स्टाग्राम म्हणजे जत्रा. जत्रेत गर्दी प्रचंड, पण ती पाळण्यासाठी आलेली असते. तिला तुमच्या दुकानापाशी थांबवायचे तर काही चमकदार दाखवावे लागते, आणि थांबलेला माणूस विकत घेईलच असे नाही.

याचा अनुभव आम्ही घेतला. वहिनीच्या पुरणपोळीची एक चित्रफीत माझ्या भाचीने काढली. तव्यावर टम्म फुगणारी पोळी, वरून तुपाची धार. ती हजारो जणांनी पाहिली. घरात आनंदीआनंद झाला. मी वहिनीला आकडा सांगितला, तेव्हा पोळी लाटता लाटता ती म्हणाली, ‘‘अगं, बघणारे एवढे आहेत, खाणारे किती ते सांग.’’ तिचा प्रश्न बिनतोड होता. पाहणाऱ्यांत इंदूरचे होते, नागपूरचे होते, दुबईचेही होते. आणि ताजी पुरणपोळी डोंबिवली पूर्व आणि पश्चिम यांच्या बाहेर जाऊ शकत नव्हती. वाहवा देशभरातून आली, ऑर्डरी मात्र पूर्वीच्याच चार रस्त्यांवरून येत राहिल्या.

त्यानंतर आम्ही ऑर्डरीच्या वहीत एक नवा रकाना आखला: ‘कोणाकडून कळले?’ प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर लिहून ठेवायचे. दोन दिवाळ्यांनंतर मी तो रकाना वाचला तेव्हा चित्र स्पष्ट दिसले. सर्वांत जास्त नवी माणसे आली होती ती जुन्या गिऱ्हाइकाने पुढे धाडलेल्या निरोपावरून, आणि त्या निरोपाखाली त्याने स्वतःच्या शब्दांत लिहिलेल्या एखाद्या ओळीवरून: ‘आम्ही दरवर्षी यांच्याकडूनच घेतो.’ म्हणजे हळदीकुंकवाची तोंडी जाहिरातच फोनवर बसून वेगाने फिरू लागली होती. चित्रफीत निरुपयोगी होती असे नव्हे. निरोप मिळालेला माणूस ती पाहून खात्री करून घेत असे. पण आधी विश्वास, मग चित्र, असा हा क्रम होता. तो उलटा करता येत नाही.

आता फाटकाचा प्रश्न. व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम ही आपल्याला तीन निरनिराळी ठिकाणे वाटतात. फेसबुकने २०१२ मध्ये इन्स्टाग्राम आणि २०१४ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतले; २०२१ पासून ती कंपनी मेटा या नावाने ओळखली जाते. गच्ची, चौक आणि जत्रा या तिन्हींचा मालक एकच. आपण तेथे बिनभाड्याने बसतो म्हणून जागा आपली होत नाही. भाडे नसलेल्या भाडेकरूला हक्कही नसतात.

मालक नियम बदलतो तेव्हा विचारून बदलत नाही. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने पोस्ट वेळेच्या क्रमाने दाखवणे सोडले आणि कोणाला काय आवडेल याचा अंदाज बांधून दाखवायला सुरुवात केली. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, मित्र आणि नातेवाईक यांच्या मजकुराला प्राधान्य मिळेल, व्यवसायांच्या पानांवरचा मजकूर कमी दिसेल. त्यामागे त्यांची कारणे असतील. पण ज्यांनी वर्षानुवर्षे खपून आपले पान पसंत करणारी माणसे जमवली होती, त्यांच्यापर्यंत पोहोचायला आता पैसे मोजून जाहिरात करण्याची वेळ आली. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा कितीतरी जणांचे जमवलेले प्रेक्षक एका दिवसात नाहीसे झाले. बंदीचे कारण देशाच्या सुरक्षेचे होते. प्रेक्षक गमावणाऱ्यांचा त्यात काहीच हात नव्हता. आणि ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास एकाच वेळी बंद पडली. तीन दिवसांवर घटस्थापना होती. ज्यांच्या साऱ्या ऑर्डरी फोनच्या पोटातच होत्या, त्यांना उद्या कोणाला काय द्यायचे हेही आठवेना.

यावरचा उपाय कोणत्याही नव्या अ‍ॅपमध्ये नाही. तो वहीत आहे. गिऱ्हाइकाचे नाव, फोन नंबर, पत्ता, मागच्या वेळी काय घेतले, तिखट कमी हवे की जास्त, हे सारे कागदावर लिहिलेले हवे. नवे गिऱ्हाईक जत्रेत भेटो की चौकात, त्याला लवकरात लवकर आपल्या वहीत आणायचे. त्याला विनंती करायची की, आमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवून ठेवा. ही विनंती क्षुल्लक नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून एकाच वेळी धाडलेला निरोप, ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच पोहोचतो. ग्रुप काढून सगळ्यांना त्यात कोंबण्यापेक्षा हा मार्ग सभ्यपणाचा आहे. एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही आणि ‘सुप्रभात’च्या फुलांत फराळाचे दर हरवत नाहीत.

जे फोनच्या आवाक्यातच नाही, त्याचेही भान हवे. परदेशातल्या मुलांना फराळ धाडण्याची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर अर्ध्या मिनिटात येते. पण २०२५ मध्ये अमेरिकेने कमी किमतीच्या पार्सलांवरची करसवलत २९ ऑगस्टपासून काढून घेतली, आणि भारतीय टपाल खात्याला तिकडची बहुतेक पार्सले २५ ऑगस्टपासून थांबवावी लागली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, आणि लक्ष्मीपूजन होते २१ तारखेला. चकल्या तळलेल्या, पैसे आलेले, आणि डबे घरात, अशी अवस्था त्या वर्षी अनेकींनी अनुभवली असेल. तीच गोष्ट अन्नसुरक्षेची. २००६ च्या कायद्याखालचे परवाना आणि नोंदणीचे नियम २०११ मध्ये लागू झाले. स्वयंपाकघरात माल करून विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी घ्यावी लागते. सुरुवातीला तिचे वार्षिक शुल्क १०० रुपये ठेवले होते, म्हणजे अडचण पैशांची नव्हती. पाकिटावर चौदा आकडी नोंदणी क्रमांक, वजन, केल्याची तारीख आणि कधीपर्यंत चांगले राहील हे छापलेले असेल, तर अनोळखी गिऱ्हाइकाला जो धीर येतो तो सुंदर फोटोने येत नाही.

आता मालकीचा प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. घरगुती व्यवसायाची फोनवरची बाजू बहुतेक घरांत कोण पाहते? मुलगा, सून, भाची, पुतण्या. ते स्वाभाविक आहे. माझी भाची नसती तर आमचेही काम अडले असते. पण मग पान उघडले जाते मुलाच्या नावाने, परवलीचा शब्द ठाऊक असतो त्यालाच, आणि क्यूआर कोड असतो घरातल्या पुरुषाच्या खात्याचा, कारण ‘त्यांच्या फोनवर आधीपासून होताच.’ बाई पहाटे चारला उठून घाण्यामागून घाणा तळते, ऑर्डरी दुसऱ्याच्या फोनवर येतात, पैसे तिसऱ्याच्या खात्यात जमा होतात. धंदा दुप्पट होतो आणि ती स्वतःच्याच धंद्यात स्वयंपाकीण होऊन राहते. पूर्वी डब्याखाली ठेवलेल्या नोटा तरी तिच्या असत. घरात कोणी तिला फसवत असते असे नाही. कोणाच्या ध्यानातच येत नाही, इतकेच. पण कर्ज मागायला बँकेत जायची वेळ येते, तेव्हा तिच्या खात्यावर एका रुपयाची उलाढाल दिसत नाही. प्रेमाताईंनी १९७५ साली जे बायकांच्या नावावर आणले, ते आपण सोयीसाठी पुन्हा त्यांच्या नावावरून उतरवत आहोत.

म्हणून वहिनीने सुरुवातीलाच तीन अटी घातल्या होत्या. व्यवसायाचा नंबर वेगळा आणि तिच्या नावाचा. क्यूआर कोड तिच्या खात्याचा. आणि वही तिच्या कपाटात. फोन भाचीने चालवावा, हिशेब मी मांडावा, पण रोज रात्री जमा-खर्च तिला वाचून दाखवायचा. तिचे शिक्षण बेताचे आहे, व्यवहारज्ञान नाही. एकदा एका अनोळखी माणसाने मोठी ऑर्डर देऊन आगाऊ पैसे पाठवण्यासाठी कोड धाडला आणि तो स्कॅन करून पिन टाकायला सांगितला. वहिनी म्हणाली, ‘‘पैसे घ्यायला कुलूप कशाला उघडायचं? देताना उघडतात.’’ आणि फोन ठेवला. पैसे स्वीकारताना यूपीआयचा पिन कधीच द्यावा लागत नाही, हा नियम तिने पाठ केलेला नव्हता. तिला तो उमजला होता.

उरला प्रश्न वेळेचा. समजा, एक चित्रफीत करायला दोन तास लागतात. भांडी घासून ओटा लखलखीत करायचा, उजेड बघायचा, तीच चकली चारदा पाडायची. त्या दोन तासांत काही किलो चकली तळून झाली असती. शिवाय दुकानाला शटर असते, फोनला नसते. रात्री साडेअकराला ‘चिरोटे आहेत का?’ असा निरोप येतो आणि दोन निळ्या खुणा दिसूनही उत्तर आले नाही की सकाळी राग येतो. घरचेच म्हणतात, ‘‘घरीच तर असतेस.’’ या वाक्यामुळे बाईच्या श्रमाची किंमत दरात कधी धरली जात नाही. डाळ, तेल, गॅस, पाकीट यांची बेरीज होते. पहाटेचे चार तास आणि रात्रीचे उत्तर देणे फुकट जाते. म्हणून कामाच्या वेळा पानावर लिहाव्यात आणि पाळाव्यात, आणि दर ठरवताना तासांचेही पैसे धरावेत. त्यामुळे काही गिऱ्हाइके तुटतात. जी राहतात ती वर्षानुवर्षे राहतात.

शेवटी आपण, खाणाऱ्यांनी, काय करावे? यंदा दिवाळीला घरगुती फराळ मागवाल तेव्हा ‘एवढे महाग?’ असे लिहिण्याआधी भाजणी करण्यापासून पाकीट बांधण्यापर्यंतचे तास मोजा. पैसे धाडताना पडद्यावर कोणाचे नाव येते ते पाहा, आणि ते करणारीचे नसेल तर ‘तुमच्या खात्याचा कोड पाठवा’ असे सहज म्हणा. त्या एका वाक्याने एखाद्या घरात विचार सुरू होईल. आणि चकली आवडली, तर अंगठ्याची खूण करून थांबू नका. तिचा निरोप चार जणींना धाडा आणि त्याखाली आपल्या शब्दांत एक ओळ लिहा. तिच्या वहीतल्या त्या रकान्यात तुमचे नाव लिहिले जाईल.